फाइलवर चिकटवलेला कागद

घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या एका वाचक भगिनीचे सहा पानी पत्र आले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून, त्यांच्या अनुमतीने, त्याचा सारांश येथे देते.

त्यांचे वडील 72 वर्षांचे आहेत. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांनी तीस वर्षे तपासनीस म्हणून काम केले आणि निवृत्तीनंतर ते पत्नीसह नौपाड्यात राहतात. जूनमध्ये त्यांना कावीळ झाली. दुर्बिणीतून पित्तनलिकेत नळी बसवून ती उतरवण्यात आली. पण त्याच तपासण्यांत स्वादुपिंडात गाठ दिसली, तुकड्याच्या (बायोप्सीच्या) रिपोर्टात ती कर्करोगाची निघाली आणि आजार यकृतात पसरला असल्याने शस्त्रक्रिया करता येणार नाही, असे डॉक्टरांनी या भगिनींना आणि त्यांच्या पुण्याच्या थोरल्या भावाला रुग्णालयाच्या पॅसेजमध्ये, उभ्या उभ्या, इंग्रजीतून सांगितले. भावाने तिथल्या तिथे बजावले, "बाबांना यातलं काही कळता कामा नये." तेव्हापासून घरात ‘पित्ताशयात खडे आहेत’ ही गोष्ट चालू आहे. रुग्णालयाच्या फाइलवर विभागाचे नाव छापलेले असते, त्यावर भावाने पांढरा कागद चिकटवून वर बाबांचे नाव सुबक अक्षरात लिहिले आहे. आता केमोथेरपी सुरू करायची वेळ आली असून, रुग्णाला सांगितल्याखेरीज ती सुरू करणार नाही, असे डॉक्टर म्हणतात. भाऊ रुग्णालय बदलायला निघाला आहे. आई दुपारी कोपिनेश्वराच्या देवळात जाऊन बसते ती दिवेलागणीला परतते. आणि गेल्या रविवारी रात्री बाबांनी मुलीला विचारले, "मला काय झालंय ते तुला ठाऊक आहे ना?" त्यावर त्या म्हणाल्या, "झोपा बाबा आता, उशीर झालाय."

त्यांचे विचारणे असे, की डॉक्टरांना गप्प राहायला सांगण्याचा अधिकार आम्हा मुलांना नाही का? आणि ज्या डॉक्टरांनी आम्हाला धड पाच मिनिटे दिली नाहीत, त्यांनी आता खऱ्याचा आग्रह धरावा, हा कठोरपणा नव्हे का?

ताई, सप्रेम नमस्कार.

पत्राच्या चौथ्या पानावर तुम्ही एक गोष्ट ओघात लिहून पुढे गेला आहात. मी मात्र तिथे थांबले. बाबा दर रविवारी सकाळी वजन करतात आणि कालनिर्णयावर त्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने आकडा लिहितात. जूनच्या पहिल्या रविवारी 68 आणि परवाच्या रविवारी 59. या आकड्याखाली त्यांनी रेघ मारली आहे, असेही तुम्ही लिहिता. ज्या माणसाने तीस वर्षे व्हर्नियरने मिलिमीटरचे अंश मोजून माल पास किंवा नापास केला, त्याला 68 मधून 59 वजा करता येतात. खड्यांच्या दुखण्याने नळी बसवल्यानंतरही माणूस असा झिजत नाही, हे कळायला डॉक्टर असावे लागत नाही. तेव्हा ‘बाबांना कळू द्यायचे की नाही’ हा प्रश्न तुमच्या घरात आता उरलेला नाही. जे त्यांना अर्धेमुर्धे कळले आहे, ते त्यांनी एकट्याने सोसायचे की कुणाशी बोलून, एवढेच ठरायचे आहे.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते थोडक्यात देता येते. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या आणि स्वतःचे निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाच्या वतीने त्याच्या मुलांनी परस्पर उपचारांना संमती देणे किंवा डॉक्टरांना तोंड बंद ठेवायला लावणे, याला आपल्या कायद्यात आधार नाही. समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 16 जानेवारी 2008 रोजी दिलेला निकाल या बाबतीत स्पष्ट आहे. दिल्लीतल्या त्या रुग्ण महिलेने दुर्बिणीतून तपासणी करण्यापुरती संमती दिली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी गर्भाशय आणि बीजांडकोश काढले. जिवावरचा प्रसंग नव्हता, रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबता आले असते, म्हणून आईची संमती ही संमतीच नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. आणि संमती खरी ठरायची तर रुग्णाला आजार कोणता, उपाय कोणते, त्यांतले धोके कोणते आणि काहीच न केल्यास काय होईल, याची पुरेशी माहिती आधी द्यायला हवी, असेही सांगितले. खडे समजून केमोच्या कागदावर सही करणाऱ्या माणसाची संमती या कसोटीला कशी उतरेल? तुमचे डॉक्टर अडून बसले आहेत ते या जागी, आणि ते बरोबर आहेत.

तरीही तुमच्या भावाची समजूत निराधार होती, असे मी म्हणणार नाही. डॉक्टरांच्या आचरणाचे जे नियम देशात लागू आहेत ते 2002 चे (2023 च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगितही झाले), आणि त्यांत आजाराचे गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, असे म्हटल्यावर पुढे रुग्ण, नातेवाईक ‘किंवा’ जबाबदार मित्र यांना त्याची योग्य ती जाणीव असल्याची डॉक्टरांनी खातरजमा करावी, अशी रचना आहे. या ‘किंवा’च्या फटीतून आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या रुग्ण बाहेर आणि नातेवाईक आत, असा कारभार चालत आला. मात्र त्याच नियमांत रुग्णाबद्दल व्यवसायात कळलेली गोष्ट इतरांना उघड करू नये, असेही बंधन आहे. म्हणजे नीट पाहिले तर पॅसेजमध्ये तुम्हा दोघांना बाबांच्या आधी आणि बाबांना न विचारता सांगितले गेले, तिथेच पहिली चूक झाली. ती चूक तुमची नव्हे. ती डॉक्टरांची.

आणि ती चूक मीही केलेली आहे. 1980 च्या दशकात मी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात निवासी डॉक्टर होते. फुप्फुसाच्या कर्करोगाचे एक साताऱ्याकडचे गृहस्थ माझ्या वॉर्डात होते, गिरणीत साचा चालवलेले. मी त्यांच्या मुलाला जिन्यात गाठून, हातातले काम न थांबवता, "जास्तीत जास्त तीन महिने," असे सांगितले. आठवडाभरात गावाकडून माणसांची रीघ लागली. कोणी अंगारा आणला, कोणी पाया पडून रडले, एका चुलत्याने शेताच्या वाटणीचा विषय काढला. पाचव्या की सहाव्या दिवशी मी सलाइन बघायला गेले, तेव्हा ते मला म्हणाले, "डॉक्टरीणबाई, समद्या गावाला सांगितलंत, मला तेवढं सांगायचं राहिलं बघा." आवाजात राग नव्हता. मला उत्तर सुचले नाही आणि मी सलाइनचा वेग कमी-जास्त करत उभी राहिले. पुढे ते गृहस्थ तीन नव्हे, अकरा महिने जगले, आणि चौथ्या महिन्यापासून घरच्यांचे त्यांच्याकडे बघणे कसे बदलले, ते मला त्यांच्या मुलानेच नंतर सांगितले. जिन्यातल्या त्या एका वाक्याने मी दोन गोष्टी बिघडवल्या होत्या.

तुम्ही लिहिता, "हे सांगून टाकण्याचे खूळ परदेशातले आहे, आपल्याकडे माणसाला जपतात." हे वाक्य बहुधा भावाचे असावे, तरी त्याचे उत्तर देते. रुग्णापासून लपवण्याचा सल्ला परदेशी वैद्यकातही तितकाच जुना आहे. हिप्पोक्रेटसच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहात उपचार करताना रुग्णापासून बहुतेक गोष्टी झाकून ठेवाव्यात, असे वैद्याला बजावले आहे. शिकागोच्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांना 1961 मध्ये विचारले, तेव्हा सुमारे 90 टक्के डॉक्टरांचा कल कर्करोगाचे निदान रुग्णाला न सांगण्याकडे होता. 1979 मध्ये अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका रुग्णालयात तोच प्रश्न विचारला, तर 97 टक्के डॉक्टर सांगावे या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत तिकडची संस्कृती काही उलटीपालटी झाली नव्हती. मधल्या काळात उपचार आले होते, आणि उपचारांचे बरे-वाईट परिणाम सोसायचे ते रुग्णालाच, म्हणून त्याला विचारणे भाग पडले. उलट आपल्याकडे चरकाने वैद्याला घालून दिलेला दंडक लोक अर्धाच सांगतात. आयुष्य सरत आल्याचे कळले तरी वैद्याने ते बोलू नये, हे खरे. पण कुठे बोलू नये, तर जिथे ते बोलल्याने रुग्णाला किंवा दुसऱ्या कुणाला अपाय होईल तिथे. म्हणजे वैद्याने माणूस पाहून ठरवायचे आहे. सरसकट खोटे बोला, असा त्याचा अर्थ मला तरी लागत नाही.

आता धक्क्याचे. सांगितल्यावर बाबांना वाईट वाटेल, काही दिवस ते जेवणार नाहीत, रात्री जागे राहतील, कदाचित तुमच्यावर चिडतीलही. हे होईल असे धरूनच चाला. पण सध्या काय चालले आहे तेही त्याच मापाने मोजा. ते खोलीत आले की बोलणे थांबते, पत्नी देवळात जाऊन बसते, मुलगा दर रविवारी पुण्याहून येतो आणि मोबाइलमध्ये डोके खुपसतो, मुलगी म्हणते उशीर झालाय. चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात त्यांना इतके एकटे कधी पाडले होते का, हे तुम्ही आईंना विचारून पाहा.

शिवाय या खोट्याला पुढचे काम झेपणार नाही. केमो डे-केअरमध्ये असते. तिथे एका ओळीत खुर्च्या असतात आणि शेजारच्या खुर्चीवरचे काका दुसऱ्याच मिनिटाला विचारतात, "तुमचा कुठला? माझा आतड्याचा. कितवी सायकल?" (सायकल म्हणजे केमोची एक फेरी.) तिथल्या प्रत्येक बाटलीवर तुम्ही पांढरा कागद कसा चिकटवणार? पण माझी खरी काळजी याहून वेगळी आहे. केमोनंतरच्या काही दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात आणि अशा वेळी ताप 100.4 अंश फॅरनहाइटवर गेला, तर ती तातडीची अवस्था असते. त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालयात जावे लागते, कारण साधा वाटणारा संसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. त्यातून बाबांच्या पित्तनलिकेत नळी आहे, ती तुंबली तरी थंडी वाजून ताप येतो. आपल्याला खड्यांची ‘ताकदीची सलाइन’ दिली आहे असे समजणारा माणूस रात्री दोन वाजता अंग गरम लागले तर काय करील? मुलांची झोपमोड नको म्हणून पॅरासिटामॉलची गोळी घेऊन पडून राहील. स्वभावाने बाबा असेच आहेत, हे तुमच्या पत्रावरून दिसते. ज्याला आपले औषध कोणते ते ठाऊक नाही, त्याला त्याच्या धोक्याची खूण ओळखता येत नाही.

आणि देवगडचे घर. बाबा म्हणतात, खड्यांचे ऑपरेशन उरकले की दिवाळीनंतर महिनाभर गावी जाऊन कौले नीट करून घेऊ, सातबाऱ्यावर तुम्हा भावंडांची नावे चढवण्याचे पाहू. तुम्ही दोघे त्यावर मान डोलावता. ताई, हे मला पत्रात सर्वांत जड गेले. बाबा आपल्या हातातले चांगले दिवस एका न होणाऱ्या ऑपरेशनच्या पलीकडे ढकलत आहेत, आणि तसे करण्याइतपत माहिती त्यांना तुम्हीच पुरवली आहे. तुमचा हेतू वाईट नाही, याची मला खात्री आहे. पण त्यांचे दिवस कशात घालवायचे हे ठरवण्याचा हक्क मात्र या प्रेमामुळे त्यांच्या हातून गेला आहे.

तुमच्या दुसऱ्या तक्रारीत तथ्य आहे. खरे सांगण्याचा आग्रह धरणाऱ्याने ते बसून, रुग्णाच्या भाषेत आणि रुग्णाच्या तोंडाकडे पाहून सांगायला हवे. बाबा समोर खुर्चीवर असताना डॉक्टर त्यांच्या डोक्यावरून तुमच्याशी इंग्रजीत बोलले, असे तुम्ही लिहिता. हे मी ओपीडीत शेकडो वेळा पाहिले आहे आणि ते अपमानास्पदच आहे. त्याचे कारण समजून घ्या, समर्थन म्हणून नव्हे, पुढचे बोलणे सोपे जावे म्हणून. एका सकाळी पन्नास-साठ नंबर लागलेले असतात. बिल मुले भरतात, प्रश्न मुले विचारतात, भांडायला मुले येतात, आणि हाणामारीची भीती तर इतकी खरी आहे की डॉक्टर व रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राला 2010 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. म्हणून डॉक्टर नकळत मुलांना सांभाळत बसतात आणि खुर्चीवरचा माणूस ‘केस’ होऊन जातो. त्यात वाईट बातमी कशी सांगावी हे आमच्या पिढीला कुणी शिकवलेच नाही. वरिष्ठांचे पाहून, चुकत-माकत शिकलो. वर्तन, नीती आणि संवाद यांचा ‘एटकॉम’ नावाचा भाग एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 2019 पासून आला, म्हणजे तुमचे डॉक्टर चाळिशीपुढचे असतील तर त्यांच्या वाट्याला तो आलेला नाही. एरवी अशी बातमी सांगण्याची पद्धत माहीत नसण्याचे कारण नाही, कारण कर्करोगतज्ज्ञांमध्ये 2000 सालापासून सहा पायऱ्यांची एक रीत प्रचलित आहे आणि तिच्यात माहिती देण्याची पायरी चौथी आहे. आधीच्या तीन पायऱ्या बसण्याच्या, ऐकण्याच्या आणि परवानगी विचारण्याच्या.

तेव्हा रुग्णालय न बदलता एक भेट मागा. काउंटरवर सांगताना ‘फॉलो-अप’ असे म्हणू नका, नाहीतर पुन्हा तीच चार मिनिटे मिळतील. "वडिलांना निदान सांगायचे आहे, ओपीडीच्या शेवटी वीस मिनिटे हवी आहेत," असे स्पष्ट सांगा आणि दोन तपासण्यांचे शुल्क मागितले तर द्या. आदल्या दिवशी डॉक्टरांना एक छोटी चिठ्ठी किंवा संदेश पाठवा. त्यात एवढेच लिहा, की बाबांना आजवर खडे असल्याचे सांगितले आहे, ही चूक आमची. बोलणे मराठीत आणि बाबांशी व्हावे. आणि त्यांनी विचारल्याखेरीज महिन्यांचा हिशेब सांगू नये. चांगल्या डॉक्टरला अशा चिठ्ठीचा राग येत नाही. हायसे वाटते.

त्या भेटीत डॉक्टरांनी पहिल्याने विचारायचे, "काका, तुम्हाला काय झालं असावं, असं तुम्हाला वाटतं?" आणि मग गप्प बसायचे. मला वाटते, 59 च्या आकड्याखाली रेघ मारणारा माणूस या प्रश्नाचे उत्तर देईल. त्यानंतरचा प्रश्न, ज्यासाठी मी हे सगळे लिहिते आहे, तो असा: "रिपोर्टातलं सगळं तुम्हाला स्वतःला ऐकायचंय, की थोडक्यात सांगू, की मुलीशी बोलू?" गेले तीन महिने सगळ्यांनी बाबांच्या वतीने या प्रश्नाचे उत्तर देऊन टाकले आहे, पण प्रश्न त्यांना कुणी विचारलेला नाही. ते म्हणाले, "मला काही सांगू नका, मुलगी बघेल," तर तोही त्यांचाच निर्णय आहे. मग तुम्ही त्यांच्या सांगण्यावरून त्यांच्या वतीने बोलाल, चोरून नव्हे, आणि तापाची सूचना तेवढी त्यांना द्यावीच लागेल. काही माणसे खरोखर असे म्हणतात. त्यांना हट्टाने सत्य पाजणारे डॉक्टरही मी पाहिले आहेत आणि त्यांचे मला कौतुक नाही.

ऐकायचे आहे म्हणाले, तर ‘कॅन्सर’ हा शब्द एकदा तरी स्पष्ट उच्चारला गेला पाहिजे. ‘गाठ’, ‘सूज’, ‘थोडे इन्फेक्शनसारखे’ यांनी माणूस दिलासा घेऊन घरी जातो आणि आठ दिवसांनी पुन्हा कोसळतो. शब्द उच्चारल्यावर तुम्ही लगेच "काही होत नाही बाबा" असे म्हणू नका. त्या क्षणी बोलणे आपली धडधड थांबवण्यासाठी असते, त्यांच्यासाठी नसते. पाण्याचा ग्लास पुढे करा आणि थांबा. किती दिवस, असे त्यांनी विचारले तर डॉक्टरांनी एक आकडा फेकू नये. मधली मुदत म्हणून जो आकडा सांगतात, त्याचा अर्थ तशा रुग्णांपैकी निम्मे त्याआधी जातात आणि निम्मे त्यानंतरही असतात एवढाच असतो. एका माणसाची तारीख त्यातून निघत नाही, हे मी जिन्यात शिकले. ‘काही महिने, त्याहून जास्त मिळावेत म्हणून केमो, आणि केमो सोसली नाही तर थांबण्याची मुभा’, इतके प्रामाणिक उत्तर पुरते. केमोने हा आजार समूळ जाणार नाही, हेही त्यात आले पाहिजे. ती घ्यायची की नाही हे बाबांना मग ठरवता येईल, आणि त्यांनी नको म्हटले तर तुम्हाला ते ऐकावे लागेल. त्या उत्तराची तयारी तुम्ही दोघा भावंडांनी आधीच करा.

दादांबद्दल. त्यांच्याशी वाद घालू नका. खर्च ते करत आहेत आणि त्यामुळे निर्णयही आपलाच, असे त्यांना वाटते. बिल भरणाऱ्याच्या नावे पावती होते, त्यापलीकडे नाही, हे खरे असले तरी सध्या ऐकवण्यासारखे नव्हे. त्यांना फक्त एक विचारा: उद्या तुम्हाला असे काही निघाले, तर तुमच्या फाइलवर कागद चिकटवलेला चालेल का? बहुतेक मुलांना बाबांना सांगण्याची भीती नसते, बाबांच्या डोळ्यांकडे त्यानंतर बघण्याची असते. ती भीती मला कमीपणाची वाटत नाही. त्यांना त्या खोलीत तुमच्या शेजारी बसू द्या, बोलायची सक्ती करू नका.

दुसरे मत घ्यायचे असेल तर जरूर घ्या, तो तुमचा हक्क आहे. मात्र ते उपचारांबद्दल घ्या, खोटे बोलायला तयार असलेला डॉक्टर शोधण्यासाठी नको. टाटा स्मारक या कर्करोग रुग्णालयाचे खारघरचे केंद्र तुम्हाला परळपेक्षा सोयीचे पडेल; ठाण्याहून पनवेलची लोकल थेट खारघरला थांबते. सोबत स्कॅनच्या सीडी, डिस्चार्जचा कागद आणि तुकड्याच्या स्लाइड (काचपट्ट्या) व ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) न्या. कागदपत्रांच्या प्रती लेखी मागितल्या, तर 72 तासांत देण्याचे बंधन त्याच 2002 च्या नियमांनी डॉक्टरांवर घातले आहे. कोणी टाळाटाळ केली तर अर्जाची पोच घेऊन ठेवा. आणि वेदनाशमन व उपशामक उपचारांच्या विभागाची चिठ्ठी आत्ताच मागून घ्या. तो विभाग शेवटच्या आठ दिवसांसाठी असतो, हा गैरसमज डॉक्टरांतही आहे. स्वादुपिंडाच्या आजारात पाठीत आणि पोटात होणारी वेदना आणि अन्नावरची वासना उडणे, यांवर केमोच्या जोडीने पहिल्या दिवसापासून इलाज करता येतो.

बाबांनी तुम्हाला रात्री जे विचारले, त्याचे उत्तर मात्र भेटीच्या तारखेपर्यंत ठेवू नका. डॉक्टरांचे काम तुम्ही करायचे नाही. निदान तुम्ही सांगू नये. आज संध्याकाळी नौपाड्याला जा, आई देवळातून परतायच्या आधी, आणि म्हणा, "बाबा, त्या दिवशी तुम्ही विचारलंत आणि मी टाळलं. मला थोडं ठाऊक आहे. डॉक्टरांकडे जाऊ, ते तुम्हाला सगळं सांगतील, मी बरोबर असेन." ते म्हणाले, "आत्ताच सांग," तर "खडे नाहीत, आजार मोठा आहे," इतके सांगायला हरकत नाही. पुढे विचारले तर खोटे बोलू नका.

देवगडला जाता येईल का, हा तुमचा ताज्या कलमातला प्रश्न. दोन सायकलींच्या मध्ये, रक्ताची तपासणी ठीक असेल तर, बहुतेक डॉक्टर आठ-दहा दिवस जाऊ देतात; बाबांच्या समोरच त्यांना विचारा. जवळ थर्मामीटर, डिस्चार्जच्या कागदाची प्रत आणि सर्व औषधांची यादी असावी, आणि कणकवलीत रात्री-अपरात्री दाखल करून घेणारे रुग्णालय कोणते ते आधी फोन करून ठरवावे. कोकण रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी उघडते आणि दिवाळीच्या आसपासचे लगोलग संपते, म्हणून दिवाळीची वाट पाहू नका. तारीख बाबांनाच ठरवू द्या. कौले काढायला पाऊस कधी ओसरतो, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगले कळते.